लिव्हर अ‍ॅक्शन रायफल : स्पर्धेसाठी कोणती घ्यावी आणि तिच्यात काय बदलून घ्यावं?

वाळवंटी_उदगीरकर
नमस्कार मंडळी. फिनिक्सच्या जवळ राहतो. कॉलेजात एनसीसीमध्ये .२२ चालवली होती, पुढे संसार आणि नोकरीत ते मागे पडलं. मध्यंतरी एका सहकाऱ्याने बेन एव्हरी रेंजवर काउबॉय मॅच बघायला नेलं आणि तेव्हापासून डोक्यात लिव्हर रायफलच (चापाभोवतीची कडी खाली-वर करून काडतूस भरायची ती) आहे. त्या लोखंडी पाट्यांचा एकामागून एक येणारा टणत्कार अजून कानात आहे.

वाचायला लागलो तर गोंधळ वाढला. कोणी म्हणतं इटलीत बनणारी उबेर्टीची १८७३ (त्या सालच्या विंचेस्टरच्या नमुन्याची) घे, कोणी मार्लिन १८९४, कोणी म्हणतं ब्राझीलची रॉसी ९२ (१८९२ च्या नमुन्याची) घे आणि उरलेल्या पैशांच्या गोळ्या आण. काडतूस .३५७ की .४५ कोल्ट? शिवाय शॉर्ट स्ट्रोक किट, हलक्या स्प्रिंगा, मोठ्या कड्याचा लिव्हर, वेगळ्या साईट, ही यादी संपतच नाही. ग्रीन कार्ड आहे, त्यामुळे कायद्याची अडचण नाही. सध्या एकच रायफल घेता येईल. ज्यांनी प्रत्यक्ष स्पर्धा खेळल्या आहेत त्यांनी सांगा.

टेक्सासतात्या
उदगीरकर, स्वागत! रायफल मागाहून ठरवू. आधी सांगा, खेळायचं काय आहे?

तुम्ही पाहिलीत ती एसएएसएस, म्हणजे सिंगल अ‍ॅक्शन शूटिंग सोसायटीच्या नियमांची मॅच. ही संस्था १९८७ पासून आहे. तिथे नुसती रायफल पुरत नाही. दोन सिंगल अ‍ॅक्शन रिव्हॉल्व्हर, एक रायफल आणि एक शॉटगन अशा चार बंदुका लागतात. रायफल पिस्तुलाच्या काडतुसाची, बाहेर घोडा असलेली, एकोणिसाव्या शतकातल्या नमुन्याची हवी. गोळी शिशाची, वेग सेकंदाला १४०० फुटांच्या आत. खालच्या बाजूलाही मर्यादा आहे : गोळीचं वजन ग्रेनमध्ये (गोळ्या मोजायचं छोटं माप) गुणिले वेग, भागिले हजार, हे उत्तर किमान ६० यावं लागतं. १२५ ग्रेनची गोळी सेकंदाला ५०० फुटांनी गेली तरी ६२.५ होतात. म्हणजे धक्का जवळपास नाहीच. पाट्या जवळ आणि मोठ्या असतात. सगळा खेळ घड्याळाशी, आणि चुकलेल्या प्रत्येक गोळीला पाच सेकंद दंड.

या खेळासाठी माझं मत स्पष्ट आहे : १८७३, .३५७ चेंबरची (म्हणजे .३५७ काडतूस बसेल अशी), आणि तिच्यात .३८ स्पेशल काडतुसं. वरच्या फळीतले बहुतेक जण हेच वापरतात. तिची लिव्हर एकदा नीट बसवून घेतली की हाताला दुसरं काही आवडत नाही.

जाईजुई
वाचतेय. तात्या, त्या मॅचमध्ये प्रत्येकाला टोपणनाव घ्यावं लागतं ना? तुमचं काय आहे?

टेक्सासतात्या
@जाईजुई, हो, नाव नोंदवावं लागतं आणि एकाचं दुसऱ्याला मिळत नाही. माझं 'मिरज किड'. पुकारणारा दरवेळी 'मिराज' म्हणतो आणि मी दरवेळी त्याला तंतुवाद्यांचं गाव समजावून सांगतो. आता त्या क्लबातल्या अर्ध्या लोकांना सतार कुठे बनते ते माहीत आहे.

नेमबाज_करवीर
'उदगीर आउटलॉ' घ्या राव!

लेथवाला_भोसरी
बंदुकीतलं काही कळत नाही, पण यंत्रातलं कळतं. १८७३ आणि ९२ मध्ये नेमका फरक काय? १९ वर्षांत काय बदललं?

टेक्सासतात्या
भोसरीकर, असा प्रश्न आला की मला राहवत नाही.

१८७३ मध्ये बोल्टच्या (काडतुसाचं मागचं तोंड बंद करणाऱ्या तुकड्याच्या) मागे सांधलेले दोन दुवे असतात, डाव्या-उजव्या बाजूला एकेक जोडी. लिव्हर बंद केली की दुवे सरळ रेषेत येतात आणि बोल्टला मागे यायला वाट राहत नाही. बोल्टच्या मागच्या टोकाला भरभक्कम पोलादाची आडकाठी नाही, जोर सगळा त्या दुव्यांवर आणि पिनांवर. तेव्हाच्या काळ्या दारूच्या काडतुसांना ते पुरेसं होतं. काडतूस वर येतं ते पितळी ठोकळ्यात बसून, लिफ्टसारखं सरळ उभं. तिरपं होणं नाही, घासणं नाही, म्हणून चाल इतकी मऊ.

पण त्या ठोकळ्यापायी एक पथ्य येतं. काडतुसाची लांबी त्याला मानवायला हवी. फार लांब असेल तर पुढचं टोक नळकांड्यात (नळीखाली काडतुसं साठवायच्या नळीत) अडकून राहतं. फार आखूड असेल तर मागून येणाऱ्या काडतुसाची कड ठोकळ्यात घुसते आणि ठोकळा वर जात नाही. .३८ स्पेशल भरणाऱ्यांनी गोळी किती खोल बसवायची हे आपल्या रायफलीला विचारूनच ठरवावं.

९२ जॉन मोझेस ब्राउनिंगची. त्याने बोल्टच्या दोन्ही बाजूंना खालून वर सरकणाऱ्या दोन उभ्या खुंट्या दिल्या. लिव्हर मिटली की त्या खाचेत बसतात आणि बोल्ट पोलादाला पोलाद टेकून बंद. तीच रचना त्याने १८८६ च्या मोठ्या रायफलीत आधी वापरली होती. म्हणून ९२ छोटी असूनही जोरदार मॅग्नम सहज पेलते. मार्लिन १८९४ मध्ये मागच्या बाजूला एकच ठोकळा खालून वर येऊन बोल्ट अडवतो. तिचा माथा बंद आहे आणि रिकामं काडतूस उजवीकडून बाहेर पडतं.

लेथवाला_भोसरी
वा! १५० वर्षांपूर्वी इतक्या बारीक मापात काम होत होतं. हे ड्रॉइंग कुठे बघायला मिळालं तर टाका.

रेवा_डेन्व्हर
तात्यांना नमस्कार, पण माझा विरोध नोंदवते.

उदगीरकरांनी लिहिलंय की एकच रायफल घेता येईल. मग त्यांना चार बंदुकांच्या खेळात कशाला ढकलताय? लिव्हर रायफलीची खरी नेमबाजी सिल्हूएटमध्ये आहे. मूळ खेळ मेक्सिकोचा. लोखंडाचे चार प्राणी : कोंबडी, रानडुक्कर, टर्की, मेंढा. मोठ्या काडतुसांच्या काउबॉय सिल्हूएटला ते अनुक्रमे ५०, १००, १५० आणि २०० मीटरवर असतात. उभं राहून, कशाचाही टेकू न घेता, दुर्बीण न लावता मारायचं. पाच-पाचच्या रांगा, डावीकडून उजवीकडे क्रमाने. क्रम चुकला तर ती गोळी वाया. आणि नुसतं लागून चालत नाही, प्राणी पायथ्यावरून खाली पडावा लागतो.

त्यामुळे इथे तात्यांची हलकी काडतुसं कामाची नाहीत. २०० मीटरवरचा मेंढा पाडायला .३०-३० मध्ये १७० ग्रेनची गोळी लागते, म्हणजे मार्लिन ३३६ किंवा विंचेस्टर ९४. पिस्तुलाच्या काडतुसांसाठी जवळच्या अंतरांचा वेगळा गट आहे, तिथे .३५७ ची मार्लिन फार छान चालते. आणि .२२ चाही गट आहे, ४० ते १०० मीटरचा. नव्या माणसाने तिथूनच सुरू करावं असं मी सांगेन. गोळ्या स्वस्त, खांद्याला त्रास नाही, आणि तिथे घटवलेली उभी स्थिती पुढे सगळीकडे उपयोगी पडते.

नेमबाज_करवीर
रेवाताईंना अनुमोदन. कोल्हापुरात आमची पोरं १० मीटर एअर रायफलवर तासन्‌तास उभी राहतात. तिथे दहाचा ठिपका अर्धा मिलिमीटरचा. कंबलवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं (गुडघ्यावर, पालथं आणि उभं) कांस्य घेतलं, ४५१.४ गुणांवर. त्यात शेवटचा टप्पा उभ्याचाच असतो आणि भले भले तिथेच ढासळतात. तेजस्विनी सावंत, राही सरनोबत यांच्या गावचा म्हणून सांगतो, बंदूक कुठलीही असू दे, पाय, कंबर आणि श्वास आधी.

एक विचारतो. भारतात अशा लिव्हर रायफलची काही स्पर्धा आहे का?

टेक्सासतात्या
माझ्या माहितीत नाही. आपल्याकडचे प्रकार ऑलिंपिकच्या चौकटीतले आणि त्यात लिव्हरला जागा नाही. शिवाय २०१९ च्या दुरुस्तीनंतर सामान्य परवानाधारकाला दोनच बंदुका ठेवता येतात. पण नेमबाजीची संघटना उभी करण्यात आपला माणूस होता, हे इथे सांगायलाच हवं. नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडिया १९५१ साली सुरू झाली ती दादासाहेब मावळंकरांच्या पुढाकाराने. तेच पहिल्या लोकसभेचे अध्यक्ष. पोरं 'मावळंकर खेळून आलो' म्हणतात ती स्पर्धा त्यांच्याच नावाची.

शांताराम_बोरिवली
माफ करा, पण मला हा धागा बघून वाईट वाटलं. ज्या देशात शाळेतली मुलं गोळ्यांनी मरतात तिथे आपल्या माणसांनी बंदुका घरात आणण्याचं कौतुक का करायचं? लेन्समधून नेम धरा ना, कॅमेरा घ्या.

रेवा_डेन्व्हर
शांतारामकाका, तुमची काळजी खरी आहे. माझी मुलगी शाळेत जाते, तिथे लपून बसण्याचे सराव होतात, ते ऐकून आईचं काय होतं हे मला माहीत आहे. म्हणूनच रायफल कुलपाच्या तिजोरीत, काडतुसं दुसऱ्या खोलीत वेगळ्या कुलपात, आणि किल्ल्या मुलीच्या हाताला लागणार नाहीत अशा. यात आमच्या घरी तडजोड नाही. परवान्यांचे कायदे कडक व्हावेत असं माझंही मत आहे. पण खेळ म्हणून जे शिस्तीत होतं ते मी मनापासून खेळते आणि त्याबद्दल लिहायला मला संकोच वाटत नाही.

बिस्लेचा_बाळ्या
काकांच्या मुद्द्याला धरून इंग्लंडची गोष्ट सांगतो. हंगरफर्डच्या हत्याकांडानंतर १९८८ च्या कायद्याने मोठ्या काडतुसांच्या सेमी ऑटो (चाप ओढला की पुढचं काडतूस आपोआप भरणाऱ्या) रायफली गेल्या. डनब्लेनच्या शाळेतल्या हत्याकांडानंतर १९९७ मध्ये पिस्तुलं गेली. मग पिस्तूलवाल्यांनी काय केलं? त्याच काडतुसांच्या लिव्हर रायफली घेतल्या आणि पिस्तुलांच्या स्पर्धा त्यांच्यावर बेतल्या. त्याला इथे गॅलरी रायफल म्हणतात. बिस्लेच्या रेंजवर मोठा मेळा भरतो. '१५००' नावाची स्पर्धा असते, १५० गोळ्या, प्रत्येकी दहा गुण, सगळं कागदावर.

आमच्याकडे दुर्बीण किंवा रेड डॉट चालतो, आणि इथेच मार्लिन पुढे जाते. माथा बंद असल्यामुळे वर माउंट थेट बसतो. ९२ आणि १८७३ मध्ये रिकामं काडतूस वरून उडतं, तिथे दुर्बीण कुठे ठेवणार? बदल म्हणाल तर गोळ्या भरायच्या झडपेची धार आधी घासून घ्यावी. वेळेत पुन्हा भरायचं असतं, अंगठ्याचं कातडं निघतं.

मेलबर्न_मनू
ऑस्ट्रेलियातही तसंच. १९९६ च्या पोर्ट आर्थरच्या हत्याकांडानंतर सेमी ऑटोवर बंधनं आली आणि लिव्हर रायफली साध्या परवान्यात राहिल्या. आमच्या क्लबात सत्तरीचे आजोबा .३०-३० घेऊन येतात आणि आम्हा पोरांना हरवून जातात.

एच१बी_अजिंक्य
मी डॅलसला एच१बी वर आहे. मित्राबरोबर रेंजवर जाऊन चालवली तर चालेल का?

टेक्सासतात्या
अजिंक्य, थांब. नॉन-इमिग्रंट व्हिसावर असलेल्याला फेडरल कायद्याने बंदूक किंवा काडतूस बाळगता येत नाही. अपवाद आहेत, त्यातला नेहमीचा म्हणजे चालू शिकारीचा परवाना. आणि रेंजवर भाड्याने हातात घेणं हेही बाळगणंच धरलं जाऊ शकतं. ग्रीन कार्डाची रांग पणाला लावू नकोस. आधी इमिग्रेशनच्या वकिलाला विचार, मित्राच्या शब्दावर जाऊ नकोस.

एच१बी_अजिंक्य
बरं झालं विचारलं. धन्यवाद तात्या.

पिट्सबर्ग_पाटील
आता बदलांबद्दल बोलू, कारण मूळ प्रश्नाचा तो भाग राहूनच गेला. मी एका जुन्या कारागिराच्या हाताखाली शनिवारचं काम करतो. लोक रायफल डब्यातून काढायच्या आधी किट मागवतात, त्याला माझा विरोध आहे.

शॉर्ट स्ट्रोक किट म्हणजे दुव्यांची भूमिती बदलून लिव्हरचा प्रवास कमी करणं. १८७३ मध्ये हे सुंदर जमतं. पण ज्याची लिव्हर मारायची लय अजून बसलेली नाही त्याला त्याने काही मिळत नाही. मुळात बहुतेक वेळ जातो तो पुढची पाटी शोधण्यात.

हलक्या स्प्रिंगांनी चाल मऊ होते हे खरं. पण घोड्याची स्प्रिंग फार हलकी केली की कडक प्रायमर (काडतुसाच्या बुडाची, दारू पेटवणारी टिकली) फुटत नाही. टिक आवाज येतो आणि पुन्हा लिव्हर मारावी लागते. म्हणून मऊ प्रायमर शोधत फिरावं लागतं. इतकी हलकी करा की कुठलाही प्रायमर फुटेल, त्याखाली जाऊ नका.

१८७३ मध्ये लिव्हर पूर्ण मिटल्याशिवाय चाप ओढता येऊ नये म्हणून एक सुरक्षा असते. तिला काढून टाकायचा सल्ला कोणी दिला तर त्या माणसाकडे काम देऊ नका. दुवे सरळ व्हायच्या आत काडतूस उडालं तर बोल्ट तोंडाच्या दिशेने येतो. मला हे जितकं ठळक लिहिता येईल तितकं लिहायचंय.

मार्लिनबद्दल : लिव्हरची एक कड आणि काडतूस उचलणारा कॅरिअर वर्षानुवर्षं एकमेकांवर घासतात, खाच पडते आणि एक दिवस दोन काडतुसं एकदम येऊन अडकतात. वापरलेली घेणार असाल तर लिव्हर काढून ती कड बघा. घासली असेल तर दुरुस्ती होते, पण किमतीत धरा. मार्लिनची मालकी २००७ नंतर रेमिंग्टनकडे आणि २०२० मध्ये रुगरकडे गेली, त्यामुळे कुठल्या काळातली आहे हेही विचारा.

मोठ्या गोल कड्याचा लिव्हर सिनेमात शोभतो. स्पर्धेत हात त्या कड्यात मोकळा फिरतो आणि वेळ जातो. साधा लिव्हर ठेवा, त्याला चामडं गुंडाळा. बोटांची सालं वाचतात आणि आतली जागा तुमच्या हातापुरती होते.

टेक्सासतात्या
पाटलांचं सगळं मान्य, फक्त किटबद्दल मतभेद कायम. ज्याला पुढे लावायचंच आहे त्याने सुरुवातीलाच लावावं, नाहीतर हाताला दोनदा शिकवावं लागतं.

पिट्सबर्ग_पाटील
तात्या, वर्षभराने त्या माणसाला कळतं की आपल्याला सिल्हूएट आवडतं. मग ते किट कोणाच्या गळ्यात मारायचं?

जाईजुई
एक बावळट नसलेला प्रश्न : टोकदार गोळ्या लिव्हरमध्ये चालत नाहीत असं ऐकलं, ते का?

रेवा_डेन्व्हर
कारण नळकांड्यात काडतुसं एकामागे एक झोपलेली असतात. मागच्या गोळीचं टोक पुढच्या काडतुसाच्या प्रायमरला टेकतं. धक्क्याने टोकदार गोळी पिनचं काम करू शकते. म्हणून सपाट नाकाच्या गोळ्या. आता मऊ प्लास्टिकच्या टोकाच्या खास गोळ्याही मिळतात. .२२ ला ही भीती नाही, तिथे प्रायमर मध्यभागी नसून कडेच्या आत असतो.

वाळवंटी_उदगीरकर
सगळ्यांचे मनापासून आभार. तात्यांनी सांगितल्यावर क्लबाला ईमेल केला. त्यांनी नव्या माणसाला बंदुका वापरायला देतो म्हटलं आणि खरंच चारही हातात दिल्या. पाटी मारून झाल्यावर लिव्हर उघडी ठेवून रायफल टेबलावर ठेवायची, नळी कायम समोर, हे नियम ते इतक्या प्रेमाने सांगतात की पहिल्यांदाच गेलेला माणूसही घाबरत नाही. नंतर सिल्हूएटवाल्यांकडेही गेलो. तिथे .२२ ची ब्राउनिंग बीएल-२२ मिळाली, लिव्हर जेमतेम ३३ अंश फिरते, चापही लिव्हरबरोबर खाली जातो. १०० मीटरवरचा इवलासा मेंढा पडला तेव्हा मी जोरात ओरडलो.

तर ठरवलंय : आधी .२२ लिव्हर, सिल्हूएट. काउबॉयसाठी क्लबाच्याच बंदुका. पुढे पैसे साठले की .३५७. तात्या रागावू नका.

आता प्रश्न साईटचा. बरोबर आलेली मागची साईट खाचेची आहे, डोळ्यांना चाळिशी लागली आहे, खाच, माशी (नळीच्या टोकावरची पुढची साईट) आणि मेंढा तिन्ही एकदम स्पष्ट दिसत नाहीत. आणि दस्ता मला लांब वाटतो.

टेक्सासतात्या
रागवेन कशाला? .३५७ घ्याल तेव्हा मला फोन करा म्हणजे झालं.

रेवा_डेन्व्हर
अभिनंदन! आता कामाचं.

तीन गोष्टी एकदम स्पष्ट दिसणं कुठल्याच डोळ्याला शक्य नाही, चाळिशीने फक्त ते उघडं पाडलं. खाच काढा आणि बारीक भोकाची पीप साईट लावा, रिसीव्हरवर किंवा दस्त्याच्या मानेवर बसणारी टँग साईट. भोकातून पाहिलं की डोळा आपोआप मध्य शोधतो, भोकाकडे लक्ष द्यावं लागत नाही. उरतात माशी आणि मेंढा. लक्ष माशीवर, मेंढा किंचित धूसर असू दे. शिवाय मागची साईट डोळ्याजवळ आल्याने दोन साईटमधलं अंतर वाढतं आणि चूक कमी होते. पुढे माशीच्या जागी नळीदार ग्लोब साईट लावता येते, आत बदलता येणाऱ्या पट्ट्या असतात. आधी तुमच्या क्लबाचे नियम बघा. चष्मा करताना डॉक्टरांना सांगा की मला माशीच्या अंतरावर स्पष्ट दिसायला हवं. ते अंतर मोजून घेऊन जा.

दस्ता कापायची घाई नको. रायफल खांद्याला लावून डोळे मिटा, गाल आरामात टेकवा, मग डोळे उघडा. डोळा भोकाच्या मागे आला तर लांबी बरोबर. मान पुढे ताणावी लागत असेल तर लांब आहे. उन्हाळ्याच्या पातळ शर्टात आणि थंडीच्या जाकिटात दोन्ही वेळा करून बघा, मगच कारागिराकडे जा.

घरी सराव करायचा असेल तर .२२ नुसती रिकामी चालवू नका, पिन चेंबरच्या कडेवर आपटते आणि कड खराब होते. डमी काडतुसं घ्या, खरी काडतुसं त्या खोलीत नकोत. भिंतीवर शंभर मीटरच्या मेंढ्याएवढा दिसेल असा काळा ठिपका चिकटवा आणि चाप सुटल्यावर माशी कुठे होती ते प्रत्येक वेळी स्वतःशी मोठ्याने बोला.

नेमबाज_करवीर
आणि चाप सुटल्यावर लगेच लिव्हर ओढू नका. क्षणभर तसंच थांबा, मग लिव्हर. आमच्या पोरांना फॉलो थ्रू शिकवताना पहिले कित्येक महिने यातच जातात.